पांघरूण घातलं का?

त्या घरात वाढलेल्या लेकीला लहानपणी बरीच वर्षं असं वाटायचं, की कामावरून आलेल्या माणसाला दारातच "काही कळलं?" असं विचारायचं असतं, आणि त्याने चपला काढता काढता "आज काही नाही" असं सांगायचं असतं. मग पाण्याचा ग्लास पुढे करत घरच्या बाईने म्हणायचं, "बरं. उद्या विचारा." एवढं झालं की जेवायला बसायला हरकत नाही. इतर घरांत "आलात का?" विचारतात, तसंच हे, असा तिचा समज. एकदा मैत्रिणीकडे खेळत असताना मैत्रिणीचे वडील कामावरून आले, तेव्हा ही पुढे होऊन मोठ्या बाईच्या ऐटीत म्हणाली, "काका, काही कळलं?" ते बिचारे पिशवी हातात धरून दारातच थबकले. "कशाबद्दल गं?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी तिला समजलं, की हा प्रश्न फक्त आपल्याच घरचा आहे.

प्रश्न मामाचा होता. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, त्यांच्याच घरी राहायचा, आणि घरातली कुठलीही वस्तू बिघडली की "आण इकडे" म्हणून ती आणखी बिघडवून ठेवायचा. लेक अजून आईच्या पोटात होती तेव्हाची गोष्ट. त्याने असाच घरातला रेडिओ उघडून बसवला आणि मग तो अजिबातच बोलेना. एका सकाळी तो रेडिओ सायकलच्या मागे बांधून मामा दुरुस्तीच्या दुकानाकडे निघाला. कोपऱ्यावरच्या बस थांब्यापाशी एक गाडी थांबली, दोन माणसं उतरली, त्यांनी मामाला आत घातलं आणि रेडिओही आत घातला. सायकल तेवढी थांब्याला टेकून राहिली. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, असं नंतर कोणीतरी कोणालातरी सांगितलं. छापखान्यात कसलं तरी पत्रक निघालं होतं म्हणे. ते मामाने जुळवलं की शेजारच्या खिळेवाल्याने, याची चौकशी कोणी केली नाही. एवढा मोठा देश आणि त्याची सुरक्षा रेडिओ नीट जोडता न येणाऱ्या एका पोराने धोक्यात आणली, हे पटायला माणूस फार शिकलेला लागतो. आई तेवढी शिकलेली नव्हती. ती विचारत राहिली.

आणि विचारायला माणूस घरातच होता. बाबा सुरक्षा खात्याच्या कागद-कचेरीत कारकून होते. तिथे ते नेमकं काय करतात, हे आईलाही माहीत नव्हतं. नोकरीला लागताना शपथ घेतलेली होती, आणि बाबांनी ती इतक्या मनावर घेतली होती की शपथ देणाऱ्यालाही संकोच वाटावा. गल्लीत त्यांचं नाव पडलं होतं कुलूपराव. भाजीवाल्याने "काय देऊ?" विचारलं तरी हे आधी मागे वळून बघत. ताकास तूर लागू देणार नाहीत. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा काळा डाग असायचा, तो रविवारीही जायचा नाही. "माझा नवरा दिवसभर लिहितो," असं आई शेजारणींना अभिमानाने सांगायची.

आईच्या सगळ्या आशेची दोरी त्या बोटाला बांधलेली होती. ज्यांनी भावाला नेलं त्यांच्याच खात्यात आपला नवरा आहे, म्हणजे आज ना उद्या काहीतरी कानावर येणारच. ती कधी भांडली नाही. भांडून हे एकच दार बंद झालं तर? "विचारलंत का?" ती म्हणायची. "विचारलं," बाबा म्हणायचे. "कोणाला?" "ते सांगता येत नाही." मग पाण्याचा ग्लास आणि "बरं, उद्या विचारा." घरात दुसरा रेडिओ तिने येऊ दिला नाही. "तो घेऊन येईल ना दुरुस्त करून. दोन दोन रेडिओ कशाला?" दर उन्हाळ्यात मामाची रजई गच्चीवर उन्हात पडायची, झटकली जायची, आणि पुन्हा कपाटाच्या वरच्या खणात जायची.

मग बाबा निवृत्त झाले आणि प्रश्न आपोआप थांबला. कचेरीतच जात नाहीत त्यांना काय विचारणार? आई त्या काळात एकदम म्हातारी दिसायला लागली. आणि बाबा एकेक विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपण जेवलो का ते. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि हे वाढत जाणार म्हणून हात वर केले.

लेक तोवर विमा कंपनीत दावे तपासण्याच्या नोकरीला लागून जुनी झाली होती. दिवसा ती लोकांच्या मोडलेल्या गाड्यांचे आणि मोडलेल्या हाडांचे पुरावे बघायची आणि संध्याकाळच्या कॉलेजात शिकायची. शेवटच्या वर्षाला शोधनिबंध होता. तिने विषय घेतला राष्ट्रीय सुरक्षा धोरणाचा, आणि त्यातही स्थानबद्धतेचा, म्हणजे खटला न चालवता माणसाला अडकवून ठेवण्याचा. वर्गातल्या मुलांना वाटलं, बाईला मोठा विषय पेलायची हौस आली आहे. खरं कारण एवढंच, की त्या वर्षांचे कागद आता मुदत संपून अभ्यासकांना खुले झाले होते, आणि अभ्यासक व्हायचं तर कॉलेजचं पत्र लागत होतं. मामा आहे की नाही, एवढं एक तिला आईला आणून द्यायचं होतं. आईचे डोळे मिटायच्या आत. बाकी धोरण गेलं खड्ड्यात.

मार्गदर्शक मॅडम सज्जन होत्या, पण कडक. पहिल्याच भेटीत त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "या विषयात तुझ्या घरचं कोणी आहे का? असेल तर आत्ताच सांग. अशा वेळी मी विषय बदलायला लावते. माणूस रागाने लिहितो, आणि रागाने लिहिलेलं कोणी वाचत नाही."

"नाही मॅडम," लेक म्हणाली. "घरचं कोणी नाही."

इतक्या सहज म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

इकडे घरी बाबांनी नवीनच सुरू केलं होतं. दुपारी खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असताना ते एकदम कासावीस व्हायचे आणि विचारायचे, "पांघरूण घातलं का?" आई स्वयंपाकघरातून धावत यायची, पायांवर शाल टाकायची. ते ती ढकलून द्यायचे. "मला नको. त्याच्यावर घातलं का?"

"कोणावर?"

"गार होता. गार होता म्हणून पांघरूण घातलं मी."

आईने त्याचा उलगडा आपल्या परीने केला. लेक तान्ही असताना एका हिवाळ्यात फार आजारी पडली होती, हातपाय गार पडले होते. "तुझ्याबद्दल बोलतात गं," आई लेकीला म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तेव्हा तोंडातून अक्षर काढलं नाही, पण मनात बघ कसं राहिलंय. सगळं विसरले आणि हे नाही विसरले."

लेकीने खिडकीपाशच्या खुर्चीकडे वळून पाहिलं. या माणसाने तिला उभ्या जन्मात कधी कडेवर घेतलेलं तिला आठवत नव्हतं. शाळेत पहिली आली तर म्हणायचे, "ठीक." आणि आता सगळी पाटी पुसली गेल्यावर खाली तिचे गार पडलेले हातपाय निघाले होते. ती बाबांच्या खुर्चीपाशी बसून त्यांचा हात हातात घ्यायला लागली. "घातलं हो बाबा पांघरूण," ती सांगायची. तेवढ्यापुरते ते शांत व्हायचे.

शाल पुरेना म्हणून त्या हिवाळ्यात आईने शेवटी कपाटाच्या वरच्या खणातून मामाची रजई काढली. "तो आला की त्याला नवी घेऊ," म्हणाली, आणि ती बाबांच्या अंगावर घातली.

कागद हातात यायला बरेच महिने लागले. लेकीने अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर गेली, आणि अखेर एक जाडजूड गठ्ठा मिळाला. तो तिने कंपनीत जेवणाच्या सुट्टीत उघडला. प्रत्येक पानावर काळ्या पट्ट्या होत्या. नावं झाकलेली, गावं झाकलेली, तारखा झाकलेल्या. उरलं होतं ते असं: "सदर इसमास", मग काळं, "येथे स्थानबद्ध करण्यात आले", मग काळं, "त्यानंतर आवश्यक ती कार्यवाही करण्यात आली." स्थानबद्ध म्हणजे एका जागी बांधलेला. जागा कुठली ते काळं, बांधलेला कोण ते काळं, आणि पुढे त्याचं काय केलं, तर आवश्यक ते केलं. सरकारने देशाचं संरक्षण कसं केलं हे कळायला भरपूर मजकूर होता, पण माणूस एक सापडेना. पट्ट्या मात्र अगदी सरळ, पट्टी लावून मारलेल्या. लेकीचा डबा तसाच बंद राहिला.

"यावर निबंध होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "या कचेरीत काम केलेलं कोणी शोध. कामाची पद्धत तरी कळेल."

काम केलेला माणूस खिडकीपाशी रजई घेऊन बसला होता, पण त्याचा उपयोग नव्हता. मग लेकीने टेबलकाकांना गाठलं. बाबांच्या शेजारच्या टेबलावर त्यांनी अख्खी नोकरी काढली होती, म्हणून घरात त्यांना टेबलकाका म्हणत. बाबा जेवढे बंद तेवढे हे उघडे. निवृत्तीनंतर सुनेच्या घरात यांचं ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळे लेक वही घेऊन आलेली बघून त्यांना हर्षच झाला. नातीच्या पेन्सिलींना टोकं काढत बसले होते, लेकीला समोरची खुर्ची दिली आणि सुरू झाले.

"नावं नाही हं सांगणार. शपथ म्हणजे शपथ. पण कचेरीतली बोली सांगायला काय जातंय? आमचं काम एकच. कागद बाहेर जायच्या आधी त्यावरची नावं काळी करायची. दिवसभर पट्टी आणि शाई. तुझे बाबा म्हणजे त्यातला वस्ताद माणूस. एक रेष वाकडी नाही."

म्हणजे 'माझा नवरा दिवसभर लिहितो' म्हणणाऱ्या बाईचा नवरा दिवसभर खोडत होता. लेकीने ते लिहून घेतलं.

"आता 'काळं करणं' कसं वाटतं बोलायला? चारचौघांत वाईट दिसतं ना. म्हणून आम्ही म्हणायचो पांघरूण घालणं." काका स्वतःच्या विनोदावर हसले. "साहेब टेबलापाशी येऊन विचारायचे, पांघरूण घातलं का? घातलं साहेब. झालं."

लेकीचं पेन थांबलं.

"आणि कागदाचे दोन प्रकार. ज्याचा माणूस अजून आत आहे तो गरम. ज्याचा माणूस गेला, म्हणजे आपला... गेला, तो गार. गार असला तर आधी पांघरूण घालायचं, गरम मागाहून. साहेबांचे तीनच प्रश्न ठरलेले. गरम की गार? पांघरूण घातलं का? आणि तिसरा, घरचं आहे का? कागदावर आपल्या नात्यातलं नाव निघालं तर तोंडाने सांगायचं, 'घरचं आहे'. की लगेच गठ्ठा उचलून दुसऱ्या टेबलावर. आणि सांगणाराही उचलला जायचा. एक जण म्हणाला होता बिचारा. पुन्हा दिसला नाही." काकांनी पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर तपासलं. "तुझे बाबा नशीबवान. एवढ्या वर्षांत एकदाही घरचं म्हणायची वेळ आली नाही. चहा घेशील ना? अगं, काय झालं? बरं वाटत नाही का?"

ती रस्त्यावर कशी आली ते तिला कळलं नाही. गार होता म्हणून पांघरूण घातलं मी. किती दुपारी ती त्यांचा हात धरून बसली होती! आपले तान्हेपणीचे गार हातपाय म्हणून तिने जे उराशी धरलं होतं, ते तिचं नव्हतंच. तिला स्वतःची कीव आली, मग राग आला, आणि मग आई आठवली. तरी मनाचा एक कोपरा वकिली करत होताच. कचेरीत हजारो कागद येत असणार. गार होता तो कोणीही असेल. कशावरून मामाच?

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. दुपारी आई औषधं आणायला खाली गेली तेव्हा लेकीने गठ्ठ्यातलं एक काळं पान काढलं, बाबांच्या खुर्चीपुढे छोटं टेबल ओढलं आणि त्यावर ठेवलं. शेजारी एक पट्टी ठेवली. आपण काय करतो आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. आजारी बापाला फसवायचं होतं. दाव्याच्या कामात ती अशा लोकांना नीच म्हणत असे.

ती त्यांच्या बाजूला उभी राहिली आणि आवाज जाड करून म्हणाली, "गरम की गार?"

बाबांची पाठ ताठ झाली. कित्येक महिन्यांत तिने त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. रजई मांडीवरून घसरली.

"गार, साहेब."

"पांघरूण घातलं का?"

"घातलं, साहेब."

"घरचं आहे का?"

खाली थांब्यावर बस आली, दार उघडल्याचा आवाज झाला, मिटल्याचा झाला, बस गेली.

"नाही, साहेब," बाबा म्हणाले. "घरचं नाही."

लेकीने श्वास सोडला. तिला हसूच आलं. वेडी आहेस तू, असं ती स्वतःला म्हणाली आणि पान उचलायला वाकली. तेवढ्यात बाबांनी तिचं मनगट धरलं. पकड अशी, की हाड दुखावं.

"साहेब, एक विनंती होती. हा कागद माझ्या घरी कोणाच्या दृष्टीला पडू नये. पोरगा रेडिओ दुरुस्त करायला गेलेला, साहेब. बाकी काही नाही. बायको रोज विचारते. तिला दिवस गेलेत. वाट बघते आहे तोवर दोन घास जेवते तरी."

 लेकीने वर बघितलं तर दारात आई उभी होती. हातात औषधांची पिशवी, एक चप्पल काढलेली, एक पायातच. किती वेळ उभी होती कोण जाणे. बराच वेळ असावी.

"अहो," आई म्हणाली. "कधी?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. दारात बायको उभी आहे, ती काहीतरी विचारते आहे, एवढं त्यांना दिसलं. हातातलं मनगट सुटलं. चेहरा लेकीच्या डोळ्यांदेखत बंद झाला, आणि तो उभा जन्म ओळखीचा आवाज आला.

"आज काही नाही."

आई ओरडली नाही. पिशवी टेबलावर ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि पलंगावर बसली. लेक मागोमाग गेली तर म्हणाली, "मी त्याच्या हातात रोज पाण्याचा ग्लास दिला गं." नवऱ्याबद्दल ती पहिल्यांदाच एकेरीत बोलत होती. "रोज. पाहुणे आले तरी, ताप असला तरी. तू पोटात होतीस तेव्हापासून त्याला माहीत होतं. आणि माझ्यासमोर बसून गटागटा प्यायचा." मग म्हणाली, "मला रडायचं पण राहून गेलं. आता रडले तर लोक विचारतील, काय झालं? भाऊ गेला म्हणू? कधी, म्हणतील. काय सांगू? आज कळलं?"

पुढचे दिवस फार वाईट गेले. आईला आता पुढचं हवं होतं. कुठे, कसा, शेवटी कोणी पाणी दिलं का, मातीत ठेवलं की आगीत. तिने खुर्चीपुढे उभं राहून एकेक प्रश्न विचारला आणि प्रत्येकाला तेच उत्तर आलं, आज काही नाही. लेकीने लाज सोडून पुन्हा टेबल मांडलं, पुन्हा साहेबाचा आवाज काढला. बाबांनी पानाकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "बाळ, तुला सर्दी झाली का?" ते म्हणाले. जे दार एकदाच किलकिलं झालं होतं ते पुन्हा उघडलं नाही. कदाचित त्यांनाही याहून जास्त माहीत नसेल. त्यांनी कागद पाहिला होता, माणूस नाही.

मग आईने बोलणंच टाकलं. त्यांना जेवण वाढायची, गोळ्या द्यायची, अंग पुसायची, पण तोंडातून शब्द नाही. आणि बाबांनी एक नवीनच धरलं. खिडकीबाहेर उजेड कमी होऊ लागला की ते दाराकडे बघायचे आणि आपणहून सांगायचे, "आज काही नाही." मग थांबायचे. पुढचं काहीतरी व्हायला हवं आणि ते होत नाही, एवढं त्यांना कळायचं. ताट समोर आलं तरी हात पुढे होईना. पुन्हा म्हणायचे, जरा मोठ्याने, "आज काही नाही." आई भिंतीकडे बघत बसायची. लेक घास करून भरवायला गेली तर तोंड मिटून घ्यायचे. त्यांची मनगटं बारीक झाली. डॉक्टर म्हणाले, असं किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. लेकीला कोणाची बाजू घ्यावी कळेना. दोघांचाही राग यायचा आणि दोघांकडे बघवायचं नाही.

निबंधात तिने एक परिच्छेद लिहिला होता. त्यात पांघरूण होतं, गरम आणि गार होतं, तिसरा प्रश्न होता, आणि एका कारकुनाने त्याला काय उत्तर दिलं ते होतं. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"हा कारकून कोण?"

लेकीने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"हे चांगलं लिहिलंयस," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "अख्ख्या निबंधात हेच एक जिवंत आहे. पण हा माणूस कोण, त्याने हे कुठल्या अवस्थेत सांगितलं, हे परीक्षक विचारणार. शपथ मोडली म्हणून त्याच्यामागे चौकशी लागेल. त्याचं वय काय आहे?"

बाबांना उचलून चौकशीला नेलेलं लेकीला दिसलं. समोर कोणी साहेब बसलेला, आणि बाबा त्याला सांगताहेत, घरचं नाही. शिवाय पहिल्याच दिवशी ती स्वतः याच खोलीत, याच खुर्चीत तेच म्हणाली होती. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

"काढते, मॅडम," ती म्हणाली.

घरी येऊन तिने संगणकावर परिच्छेद निवडला आणि पुसायचं बटण दाबलं. खालचा मजकूर वर सरकला आणि फट बुजली. बाबांना निदान पट्टी लावून रेष मारावी लागायची, शाई वाळेपर्यंत थांबावं लागायचं. हिला तेवढाही वेळ लागला नाही.

निबंधाला उत्तम श्रेणी मिळाली. परीक्षकांनी शेरा दिला, की लेखिकेने विषयापासून योग्य ते अंतर राखले आहे. बांधलेली प्रत घेऊन ती संध्याकाळी घरी आली. आईने ती हातात घेतली, पानं उलटली. छापलेलं अक्षर ती बोट लावून वाचायची.

"यात तो कुठे आहे?"

लेकीने पान काढलं. दोन परिच्छेदांच्या मध्ये बोट ठेवलं. "इथे होता."

आईने त्या जागी आपलं बोट ठेवलं. तिथे कोरा कागद होता, दोन ओळींमध्ये असतो तेवढा.  मग तिला रडू आलं. इतक्या वर्षांचं, मोठ्याने, शेजारचं दार उघडून कोणीतरी डोकावेल इतक्या मोठ्याने. लेकीने तिला धरलं नाही. रडू दिलं.

खिडकीपाशी बाबा चुळबुळ करायला लागले होते. बाहेर थांब्यावर दिवे लागले होते. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग रडणाऱ्या बाईकडे पाहिलं, आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, "आज काही नाही." कोणी उत्तर दिलं नाही.  "आज... आज काही नाही, अगं."

आई पदराने तोंड पुसून उठली. स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पाण्याचा ग्लास होता आणि दुसऱ्या हातात ताट. ताट तिने टेबलावर ठेवलं. घसरलेली रजई उचलून त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली. ग्लास पुढे केला.

"बरं," ती म्हणाली. "उद्या विचारा."

बाबा पाणी प्यायले. मग ते जेवले.